सगळे हात जोडतात, आक्का

आक्का, तुझा फोटो मोठा करून आणलाय. तुझ्या लेकीनं, अश्विनीनं निवडला. तिच्याच लग्नातला आहे, ऑपरेशनच्या आधीचा. त्यात तुझे डोळे हे एवढे आलेत. फ्रेमवाल्यानं म्हणे दाजींना विचारलं, बाई कुठल्या सिनेमात होत्या काय? दाजी येईल त्याला हे सांगतात, मलाही दोनदा सांगून झालं. तू गेल्यावरही तुझ्या डोळ्यांचं कौतुक ऐकायचं माझ्या नशिबात होतं तर.

फोटो बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवलाय. हार घातलाय, पुढं समई आहे. येणारा प्रत्येक माणूस चपला काढतो, फोटोपुढं हात जोडतो आणि मग सतरंजीवर बसतो. दूधवाला येऊन गेला. तालमीतली फुटबॉलची पोरं आली, एरवी गल्लीत घसा फाडून ओरडणारी, तीही शहाण्यासारखी हात जोडून उभी राहिली. भिशीतल्या बायका तर फोटोला कुंकू लावून गेल्या. मी अजून हात जोडलेले नाहीत. तुझ्या जावेच्या ते बरोबर लक्षात आलंय. काल सगळ्यांदेखत म्हणाली, "इमलताई, फोटोच्या पाया पडलासा न्हाई अजून?" मी म्हटलं, गुडघा दुखतोय. हात जोडायला गुडघा लागत नाही हे तिलाही कळतं आणि मलाही. पण माझे हात वर जातच नाहीत, त्याला मी काय करू?

राग म्हण, नाहीतर जळणं म्हण. आयुष्यभर तुझ्यावर जळत आले, ते तू गेलीस म्हणून एका आठवड्यात कसं थांबेल? माझी सुरुवात तर नावापासून आहे. आबांनी तुझं नाव हौसेनं सुलोचना ठेवलं. माझ्या बारशाला आत्याला जे सुचलं ते तिनं कानात सांगितलं, विमल. गडहिंग्लजच्या बाजारात कासारीण तुझ्या हातात बांगड्या भरताना म्हणायची, "काय डोळं हायत गं बाई पोरीचं." मग माझा हात ओढून घेत म्हणायची, "आणि ही धाकटी व्हय?" बस्स, माझ्या वाट्याला एवढंच. पुढं तू लग्न होऊन इथं शिवाजी पेठेत आलीस. तुझ्या सासूनं दोन गल्ल्या पलीकडचं स्थळ माझ्यासाठी काढलं. बघायला आलेल्या माणसांनी माझ्याकडं धड पाहिलंही नाही. सुलोचनाची बहीण आहे म्हणजे चांगलीच असणार, असं म्हणून होकार देऊन गेली. माझं लग्नसुद्धा तुझ्या तोंडाकडं बघून झालं.

आणि मग ती वर्षं. अश्विनी लग्नाला आली तेव्हापासून तू जी बारीक झालीस ती झालीसच. रविवारी तुझ्याकडं जेवायला यायचो तेव्हा तू तांबडा रस्सा वाटीवर वाटी रिचवायचीस, वर भाकरी, वर भात, आणि कंबर जशीच्या तशी. दिवसभर वाऱ्यासारखी पळायचीस. थंडीतही तुला पंखा लागायचा. मी तुझ्या निम्मं खायचे आणि फुगत चालले होते. दुपारी बसल्या जागी डोळा लागायचा, केस हातात यायचे, आवाज जाडा झाला होता. भिशीत कुणीतरी म्हणालं, "थोरली खात्या आणि धाकटीच्या अंगाला लागतंय." सगळ्या हसल्या. तूही हसलीस, आक्का. मला ते हसू अजून आठवतंय.

मग एकदा जोतिबाच्या पायऱ्या चढताना तू मध्येच बसलीस. छाती इतकी धडधडत होती की पदर हललेला दिसत होता. डॉक्टरांकडं मीच आले तुझ्याबरोबर, कारण दाजींना गुळाच्या सौद्यातून सवड नव्हती. डॉक्टरांनी तुझा गळा चाचपला, हात पुढं करायला लावले, बोटांची थरथर बघितली, आणि डोळ्यांकडं बराच वेळ पाहत राहिले. मला वाटलं, झालं, हाही त्यातलाच. पण ते म्हणाले, "हे डोळे असे नव्हते ना पूर्वी? हे थायरॉइडमुळं बाहेर आलेत." मग माझ्याकडं वळून माझा सुजरा चेहरा निरखत म्हणाले, "तुम्ही सख्ख्या बहिणी ना? तुमचंही रक्त तपासून टाका."

निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी समजावून सांगितलं. गळ्यातली एकच ग्रंथी. आपल्याच अंगातलं रक्षण करणारं रक्त तिच्यावर उलटतं. तुझी ग्रंथी पळत सुटली होती, माझी बसून गेली होती. एकाच घरात असं होतं म्हणे.

तुझे डोळे हा आजार आहे असं ते म्हणाले, तेव्हा मला बरं वाटलं. तुझी कंबर आजार, तुझं पळणं आजार, तुझा गालावरचा लाल रंगसुद्धा आजार. कासारणीनं नावाजले ते डोळे लहानपणचे होते, तरी वाटलं, तिला जाऊन सांगावं. परत येताना आपण रिक्षात होतो. रंकाळा आला तेव्हा म्हणालीस, "म्हंजे माझं डोळं खोटं आणि तुझं वजनबी खोटं. मग आपल्यात खरं काय ऱ्हायलं गं इमे?" याचं उत्तर आता सुचतंय, पण आता सांगू कुणाला.

तरी त्यातही तूच वरचढ ठरलीस. माझा आजार म्हणजे पहाटे उपाशीपोटी एक इवलीशी गोळी. तिची कुणी विचारपूस करत नाही. घरातले म्हणायचे, आळस आहे, गोळीनं काय जातोय. तुझा आजार मात्र दिसणारा. तुला भेटायला माणसं फळं घेऊन यायची. त्यात तुझ्या आजारानं वळणंही अशी घेतली की डॉक्टरांनाही तुझी काळजी वाटावी. ग्रंथी मंद करायच्या गोळ्या दिल्या, तर त्यांनी तुझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीच कमी करून टाकल्या. साधा घसा धरला होता तुझा, ताप आला होता. तू आपली हळद-दूध घेत बसली होतीस. डॉक्टरांनी बजावलं होतं म्हणून रक्त तपासलं, नाहीतर तेव्हाच गेली असतीस. गोळ्या बंद झाल्या. दुसरा उपाय होता आयोडीनच्या औषधाचा, पण त्यानं डोळे आणखी बिघडायची भीती. राहिलं ऑपरेशन. ही सगळी वळणं एकीलाच, असं लाखात एखादीला होतं, असं डॉक्टर म्हणाले. तू हे वाक्य कितीजणींना ऐकवलंस, आक्का. लाखात एक. माझी गोळी घरटी एकजण घेते.

ऑपरेशन झालं, सगळी ग्रंथी काढली. गळ्याला पट्टी, आवाज घोगरा. काही दिवस तर कुजबुजल्यासारखंच बोलायचीस, आणि बायका त्यावरही म्हणायच्या, किती गोड बोलतात सुलोचनाताई आता. तुला घरी आणलं आणि नवरात्र बसलं.

आता त्या दिवसाचं. आपलं भांडण ज्या दिवसावरून शेवटपर्यंत चाललं तो दिवस. आजही मी त्यावर ठाम आहे, तू फोटोत गेलीस म्हणून मी माघार घेणार नाही.

तुझ्या घरी अष्टमीची आरती होती. अश्विनी माहेरी आली होती, तुझ्याजवळ राहायला. सकाळपासून स्वयंपाकघरात मी होते. गल्लीतल्या सगळ्या बायकांचा फराळ, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, साबुदाण्याचे वडे, सगळं माझ्या अंगावर. तू घटासमोर खुर्चीत बसली होतीस, गळ्याभोवती तलम ओढणी. येणारी प्रत्येक बाई आधी तुझ्या गालावरून हात फिरवायची. "सुधारलीस गं बाई." "केवढ्या दुखण्यातनं उठलीस." कढईपाशी घामानं न्हालेल्या बाईला कुणी पाणी पितेस काय एवढंही विचारलं नाही. आरती सुरू झाली तरी मी बाहेर आले नाही. झारा हातात घेऊन वडे तळत राहिले.

आरती चढत गेली. टाळ, टाळ्या, कुणीतरी ताट वाजवत होतं. तेवढ्यात तुझ्या सासूचा आवाज आला, "आई आली गं, सुलूच्या अंगात आई आली." मी झारा घेऊनच दारात आले. तुझे दोन्ही हात छातीशी आले होते. बोटं एकमेकांना चिकटून ताठ, अंगठा आत वळलेला, मनगट वाकलेलं. ओठ थरथरत होते, श्वास जोरात चालला होता. क्षणात खोलीतल्या बायका तुझ्या पायाशी. कुणी मळवट भरला, कुणी ओटीत नारळ टाकला. एक मुलाच्या नोकरीचं विचारू लागली, दुसरी सुनेला दिवस कधी जातील म्हणून. तू काही बोलायला बघत होतीस आणि बायका कान पुढं करत होत्या.

आणि मी? मी दारात उभी राहून मनात म्हटलं, देवीला पण हीच सापडली. माझे नऊ दिवसांचे कडक उपवास, अनवाणी चालणं. पायाला भेगा मला, आणि देवी हिच्या अंगात. आक्का, मी तुझ्यावर खूपदा जळले, पण त्या दिवशीसारखी कधीच नाही.

मग तू खुर्चीतून उठलीस. बायकांनी वाट दिली. तू अडखळत माझ्याजवळ आलीस आणि तुझा वळलेला हात माझ्या डोक्यावर टेकलास. टाळ थांबले. तुझी जाऊ हळूच म्हणाली, "इमलताईला आशीर्वाद दिला." मी काय केलं ते तुला माहीत आहे. मी म्हटलं, "बास झाली नाटकं, आक्का. माझं वडं जळाय लागल्यात." आणि डोक्यावरचा हात ओढून काढला.

तो हात उघडेना. मी बोटं उलगडायला गेले, तर लाकडासारखी. तेव्हा मी तुझ्या तोंडाकडं बघितलं. तुझे डोळे माझ्याइतके कुणी बघितले नसतील, आक्का, जळणाऱ्या माणसाएवढं बारकाईनं कुणीच बघत नाही. त्या डोळ्यांत मी गर्व बघितलाय, लबाडी बघितलीय, आबा गेले तेव्हाचं पाणी बघितलंय. भीती कधी बघितली नव्हती. ती त्या दिवशी होती. देवीला कशाची भीती? मी ओरडले, "रिक्षा आणा." तुझी सासू आडवी आली, "देवी उतरल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई." माझ्या हातात अजून तेलाचा झारा होता. तो मी फक्त वर धरला. वाट झाली.

दवाखान्यात तुझ्या शिरेतून कॅल्शियम सोडलं, अगदी हळूहळू, छातीला वायरी लावून. तुझी बोटं ओल्या फडक्यात ठेवलेल्या पापडासारखी नरम होत गेली, एकेक करून उघडली. डॉक्टरांनी सांगितलं, थायरॉइडच्या मागं मुगाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, अंगातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का बसतो कधीकधी. थोडा उशीर झाला असता तर झटके आले असते, गळा आवळून श्वास कोंडला असता. मग त्यांनी तुला विचारलं, "कॅल्शियमच्या गोळ्या रोज घेत होता ना?"

तू कुजबुजलीस, "नवरात्र हाय की, डॉक्टर."

"मग?"

"शिंपल्याच्या हायत त्या. डबीवर लिवलंय. शेजारच्या बाईनं वाचून दावलं. नऊ दिस कसं खाणार?"

डॉक्टर चष्मा काढून पुसत राहिले. मी मात्र गप्प बसले नाही. म्हटलं, "रविवारी आख्खं बोकड खाती आणि शिंपल्याच्या गोळीनं हिचं नवरात्र मोडतं." तू डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं रडतेस, पण तू हसत होतीस. डॉक्टरांनी दुसऱ्या जातीच्या गोळ्या लिहून दिल्या, शिंपल्याशिवायच्या, आणि पुढच्या वेळी देवाचं काहीही असलं तरी आधी फोन करा म्हणाले.

तुझ्या त्या मुगाएवढ्या ग्रंथी पुन्हा नीट झाल्याच नाहीत. कॅल्शियम कायमचं मागं लागलं. आणि ग्रंथीच नाही म्हटल्यावर तुलाही पहाटे तीच इवलीशी गोळी आली, माझी. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या दोघींना एकच औषध. मी मनातून खूश झाले होते, लपवत नाही. रोज पहाटे तुझा फोन यायचा, "गिळलीस?" गोळीनंतर अर्धा तास चहा घ्यायचा नसतो, तो अर्धा तास आपण भांडायचो. नंतर नंतर तर तू गोळी घेऊन शाल गुंडाळून माझ्याकडंच यायला लागलीस. दोघी ओट्यावर बसून चहाचं आधण उकळायची वाट बघायचो. त्या अर्ध्या तासातली भांडणं मला दुसऱ्या कुठल्याही सुखापेक्षा प्यारी होती, आणि मी हे तुला कधी म्हटलं नाही.

भांडण एकच. मी म्हणायचे, "तुला मी वाचवलं." तू म्हणायचीस, "समोर हुतीस म्हणून."

"समोर होते म्हणून काय? बाकीच्या पाया पडत होत्या."

"माझा तोल चालला हुता. समोर जी दिसली तिच्या डोक्यावर हात टेकला. तू नसतीस तर तुझ्या जागी दुसरी असती. मी काय मुद्दाम आलो व्हय तुझ्याकडं?"

असं म्हणायचीस आणि चहा बशीत ओतायचीस, विषय संपल्यासारखा. देवीला तू साडी नेसवलीस. डॉक्टरांना पेढे आणि शाल. लोकांना सांगायचीस, डॉक्टर देवासारखे भेटले, अंबाबाईनं तारलं. मला काय? "आमच्या इमीचं वडं जळलं त्या दिवशी," एवढं सांगून लोकांना हसवायचीस. मला साडी नको होती, आक्का. लोकांसमोर नसेना का, त्या ओट्यावर, दोघींच असताना, एकदा म्हणायचं होतंस की तू होतीस म्हणून वाचले. एवढं एकच मी तुझ्याकडं मागत आले. ते न देता गेलीस.

आणि गेलीस तीही कशी. अश्विनीच्या दिराच्या लग्नाला तू आजऱ्याला गेलीस, विहीणबाई म्हणून मानानं. मला काही आमंत्रण नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. आदल्या दिवशीच तुझं पोट बिघडलं. उलट्या सुरू झाल्या, गोळ्या पोटात राहीनात. घरातल्यांनी तुला चांगल्या खोलीत पलंगावर निजवलं, पंखा लावला, लिंबू-साखरेचं पाणी दिलं. पहाटे गोळीच्या वेळेला तुझा फोन आला नाही. मला वाटलं, लग्नघर आहे, विसरली असेल. मी माझी गोळी गिळली आणि अर्ध्या तासानं एकटीनं चहा घेतला.

तुझे हात वळायला लागले तेव्हा अश्विनी हॉलवर होती, थोरली सून म्हणून तिथं विधीत अडकलेली. घरी राहिलेल्या बायकांनी तुझ्या हातांना तेल चोळलं. अशक्तपणा आहे म्हणाल्या, झोपून राहा म्हणाल्या. अश्विनी धावत आली तेव्हा तू धड बोलत नव्हतीस. गडहिंग्लजच्या दवाखान्याकडं गाडी काढली. तिथले डॉक्टर नंतर म्हणाले, कॅल्शियम पार तळाला गेलं होतं, काळजाचा ताल चुकला. तू वाटेतच गेलीस, माहेरच्या रस्त्यावर. आबांच्या उसाच्या फडाजवळून गाडी गेली असेल. माझी फार इच्छा आहे, आक्का, मला मरण माहेरात यावं. तिथंही तू पुढं नंबर लावलास.

रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर नैवेद्य ठेवला आणि कावळा शिवेना. दाजींनी हात जोडून सांगितलं, अश्विनीला अंतर देणार नाही. अश्विनीनं सांगितलं, बाबांना एकटं ठेवणार नाही. जावेनं घटाचं नवरात्र चालवायचं कबूल केलं. कावळे समोरच्या झाडावर बसून नुसते बघत होते. ऊन डोक्यावर आलं, सगळी माणसं हात जोडून उभी. मला तुझा असा राग आला की मी पुटपुटले, "किती मान करून घेशील? जेव आणि जा की आता." कावळा खाली आला. दाजी म्हणाले, पोरीत जीव अडकला होता, तिचा शब्द ऐकून शिवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी माझ्या चपला शोधायला लागले. मला सवय आहे.

काल दुपारी अश्विनी आणि मी तुझ्या स्वयंपाकघरात होतो. ती तुझ्या गोळ्यांच्या डब्या गोळा करत होती. मी बोलता बोलता त्या अष्टमीचं काढलं. म्हटलं, "तुझी आई मी समोर होते म्हणून वाचली, पण कधी नावाजलं नाही."

अश्विनीनं माझ्याकडं नवलानं बघितलं. म्हणाली, "समोर कुठं होतीस मावशी? तू हितं होतीस, या दारात. तोंड फुगवून, हातात झारा घेऊन. समोर मी होते, आरतीचं ताट धरून. मला बाजूला सारून आली आई तुझ्याकडं."

मी त्या दारात जाऊन उभी राहिले. तिथून घटाची जागा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. मधे सगळ्या बायका बसल्या होत्या. तू इतकी वर्षं "समोर हुतीस" म्हणालीस की मीही स्वतःला समोर बसवून टाकलं होतं.

अश्विनी म्हणाली, "मला लई लागलं होतं तेव्हा. दवाखान्यातनं आल्यावर विचारलं तिला, पोटची पोर समोर असताना मला का धरलं नाहीस? आई म्हणाली, 'तूबी हात जोडूनच हुतीस. सगळ्याच जोडून हुत्या. बोलाय तर येत न्हवतं. त्या घरात मला शिव्या देणारी एकच बाई हुती, ती कढईपाशी. तिच्यापत्तुर पोचलो की वाचलो, एवढंच कळत हुतं.'"

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं, सांग की मावशीला. तर म्हणाली, 'नको. चढून बसंल ती. आणि माझ्यावर जळायचं सोडलं तर फुडच्या खेपेला मला वळखणार कोण?'"

मग अश्विनी ओट्याला टेकून रडायला लागली. म्हणाली, "आजऱ्यात सगळी चांगली होती, मावशी. कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही गं तिला."

मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. पण तुला खरं सांगते, त्या वेळी मी तिच्यावर जळत होते. माझ्याबद्दलची गोष्ट, माझ्या हक्काची, ती तू तिला सांगितलीस. आपल्या ओट्यावर इतक्या सकाळी गेल्या आणि तू बशीत चहा ओतत राहिलीस. तुला सगळं माहीत होतं. माझं जळणं माहीत होतं, पहिल्यापासून, कासारणीपासून. आणि मी ते लपवत बसले होते असं मला वाटायचं. तू त्याच्याच भरवशावर जगत होतीस, आक्का. मला आजऱ्याला का नाही नेलंस? आमंत्रण नव्हतं तर नव्हतं, बिनबोलावता आले असते, अपमान गिळला असता. त्या खोलीत मी असते तर तुझ्या हाताला कुणाला तेल लावू दिलं नसतं.

आज पहाटे मी गोळी घेतली आणि शाल गुंडाळून तुझ्या घरी आले. चहाला अर्धा तास होता. तुझ्या फोटोसमोर सतरंजीवर बसले. तुझी जाऊ उठून आली, समईत तेल घातलं, तुला नमस्कार केला आणि मला म्हणाली, "आज तरी पाया पडा ताई. थोरली हुती तुमची."

मी आज गुडघ्याचं नाव काढलं नाही. म्हटलं, "मी पडणार न्हाई. सगळी पडत्यात की. एकटी मी पडणार न्हाई." तिला वाटलं असेल, म्हातारीचं डोकं फिरलंय. ती आत चहा टाकायला गेली.

मग मी तुझ्याकडं बघितलं. हार, कुंकू, समई, आणि तेच डोळे, फ्रेमवाल्याला भुलवणारे. मी हार थोडा बाजूला सारला आणि म्हटलं, बास झाली नाटकं, आक्का. चहाची वेळ झाली. ऊठ.